पासंग

माझं काम एवढंच :
कप कुठल्या हातात होता,
सिगरेट किती जळली होती,
कॉलरचं वरचं बटण लागलेलं की उघडं.
माणसं रडतात तेव्हा मी त्यांची बाही बघते.
तीस वर्षं झाली. वह्यांनी एक कपाट भरलंय.

ब्राइलाच्या धक्क्यावर, डॅन्यूबच्या काठी,
नोव्हेंबरात आम्ही तो सिनेमा केला.
त्यात एकही गोळी सुटत नाही.
वजनकाट्यावरचा एक कारकून
एकोणीस वर्षं दर ट्रकमागे चाळीस किलो गहू
कागदावरून पुसत आलाय,
आणि एका ड्रायव्हरला आकडे वाचता येतात.
बस. प्रेत पडद्यावर येतच नाही.
येतो त्याचा डबा,
काटाघराच्या खिडकीत राहिलेला,
आत अर्धा कांदा.

कारकून झाला होता इलारिओन वादेआनू.
गावोगावच्या रंगमंचांवर राजे, कंजूष आणि भुतं करून
आवाज जाड झालेला माणूस.
पहिल्या दिवशी आंका त्याला म्हणाली,
"नदीपलीकडे ऐकू जायला नकोय."
तो चिडला. जेवला नाही.
तिसऱ्या दिवसापासून त्यानं बोलणंच टाकलं.
आकडा लिहायचा
आणि आकड्यावर हळूच फुंकर मारायची,
जणू पेन्सिल नव्हे, पीठ सांडलंय.
मी लिहून ठेवलं : फुंकर, एकदा, डावीकडे.

पोलीस झालेला पान्देले
खरा तर फेरीबोटीवर तिकिटं फाडतो.
त्याला अभिनय येत नाही,
म्हणून तो सगळ्यांकडे
तिकीट मागितल्यासारखाच बघतो.
त्या नजरेसमोर इलारिओन स्वतःचे खिसे चाचपू लागला.
पटकथेत नव्हतं हे.
कॅमेऱ्यामागे आम्हीही चाचपले.

मग झोइत्साचा दिवस.
ड्रायव्हरची बायको. सबंध सिनेमात एकच वाक्य :
"डबा न्यायला आलेय."
धुकं होतं. ती कुठे उभी राहिली
तिचं तिलाच कळलं नाही,
ट्रक उभे करतात त्या लोखंडी पत्र्यावर.
ट्रकच्या काट्याला बाईचं वजन कळत नाही.
काटा जरासा थरथरला,
पुन्हा शून्यावर आला.

सहा टेक असेच गेले.
सातव्यात काटा थरथरला
आणि इलारिओननं डोक्यावरची टोपी काढली.

काढायची नव्हती.
पुढचा शॉट परवाच झाला होता,
त्यात टोपी डोक्यावर आहे, कानापर्यंत.
टोपी काढल्यावर दिसलं त्याचं टक्कल,
कपाळावर टोपीचा लाल वळ,
आणि असा एक चेहरा
जो मी तीस वर्षांत वहीत कुठेच लिहिलेला नाही,
कारण चेहऱ्यासाठी रकाना नसतो.

धुकं फिटत होतं. ऊन आलं की दिवस गेला.
आंका वळली. "जुळतं?"

माझी आई बाजारात सूर्यफुलाच्या बिया विकायची,
पेल्यानं मोजून.
पेल्याच्या बुडाशी पुठ्ठ्याची एक चकती असायची.
मी पाहिली होती. बोलले नाही.
मापात पाप कसं दिसतं ते मला विचारा :
गोल, ओलसर, अंगठ्याएवढं.

"जुळतं," मी म्हणाले.
आणि लिहिलंही. ठळक अक्षरात,
लोक खरं लिहिताना इतकं दाबून लिहीत नाहीत.

मार्चमध्ये गावच्या हॉलमध्ये सिनेमा लागला.
लोक कोट न काढता बसले होते,
हीटर बंद होता.
टोपी निघाली.
पुढच्या क्षणी टोपी डोक्यावर.
कोणी हसलं नाही. मागे कुणी बी फोडत होतं,
ते थांबलं.
पान्देलेची बायको कुजबुजली,
"घातली बघ परत. लाज वाटली त्याला."

दोन रांगा पुढे इलारिओन बसला होता.
त्यानं मान वळवली नाही.
फक्त त्याचा हात अंधारात
मांडीवरच्या टोपीकडे गेला,
ती आहे ना, बघायला.

उजवा हात.
मी सवयीनं पाहिलं.
वही आणली नव्हती.